घड्याळ ठीक होतं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते विषय ठरवूनच बसले होते. "रूथताई, डिजिटल घड्याळांचा इतिहास लिहा. आपल्या दिल्लीच्या मराठी मंडळींत त्या धंद्यात आयुष्य काढलेलं दुसरं आहे कोण? पण थोडं हलकंफुलकं. जुन्या गमतीजमती वगैरे." मी हो म्हटलं. गमती पुष्कळ आहेत आणि एखादी सांगेनही. पण यंदाच्या उन्हाळ्यापासून मी संतापलेली आहे, आणि तो संताप बाजूला ठेवून घड्याळावर चार ओळी लिहिणं मला जमेना. ज्यांना चकलीबरोबर हलकंफुलकं हवं आहे त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी मूळची अहमदनगरची. तिथे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न झालं, आणि नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत म्हणून दिल्लीला आले. नोएडा तेव्हा नुकतं वसत होतं. सेक्टरचे आकडे पाट्यांवर आलेले होते, सेक्टर यायचे होते. तिथल्या एका कारखान्यात डिजिटल घड्याळं जुळवायचं काम सुरू झालं आणि मला तपासणीच्या टेबलावर नोकरी मिळाली.

त्याआधीची डिजिटल घड्याळं म्हणजे लाल आकड्यांची. ती दिसायला झोकदार, पण बटण दाबल्याशिवाय वेळ दाखवायची नाहीत. आकडे स्वतःच्या उजेडाने पेटायचे, आणि ते सारखे पेटते ठेवले तर बॅटरी बघता बघता बसायची. म्हणजे वेळ बघायला दोन्ही हात मोकळे हवेत. एका हातात भाजीची पिशवी असली की संपलं. मग करड्या काचेवरचे काळे आकडे आले. त्यातला द्रव स्वतः उजेड देत नाही, बाहेरचा उजेड अडवतो फक्त, म्हणून त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. आकडे रात्रंदिवस दिसत राहतात. मला त्या गोष्टीचं फार अप्रूप वाटायचं. घड्याळ बांधलेल्या माणसाला आता कुणाची परवानगी नको, बटणाचीसुद्धा नको. मान खाली घातली की वेळ समोर.

आत काय असतं तेही सांगते. गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक एवढासा स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो एका सेकंदात बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो. चिप ती थरथर निम्मी करते, पुन्हा तिची निम्मी, असं करत करत सेकंदाला एक ठोका उरतो. तेवढाच काय तो चमत्कार. बाकी सगळं मोजणं आणि दाखवणं. चिप आणि काच यांच्यामध्ये रबराची एक बारीक पट्टी असते, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांची. आम्ही तिला झेब्राच म्हणायचो. चिपचं म्हणणं काचेपर्यंत पोचवायचं काम तिचं.

जुळवणीच्या टेबलांवर सगळ्या बायका होत्या. दादरी, त्रिलोकपुरी, यमुनापारच्या वस्त्यांमधून यायच्या. बायकांची बोटं नाजूक असतात म्हणून त्यांना घेतलं, असं आमचे मॅनेजर ग्रोवरसाहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. पहिला उन्हाळा आला, लू म्हणजे तिकडचा कोरडा, तापलेला वारा सुटला, आणि माझ्या टेबलावर मेलेली घड्याळं यायला लागली. काचेवर काही नाही, चिप निकामी. रोज ढिगाने. ग्रोवरसाहेबांनी कारण लगेच शोधलं. "औरतें हैं, दिन भर बातें करती हैं, ध्यान कहाँ रहता है." दोघींना त्यांनी त्याच आठवड्यात घरी बसवलं.

मला ते पटेना. त्याच बायका, तेच काम, थंडीत एकही चिप मरत नव्हती. मग एक दिवस मी लोखंडी कपाटाला हात लावला आणि मलाच चटका बसला. दिल्लीच्या कोरड्या हवेत हा सगळ्यांचा अनुभव आहे. अंगावर नायलॉनची साडी, खाली प्लॅस्टिकचं स्टूल, हवेत थेंबभर ओल नाही. बाई नुसती उठली-बसली तरी अंगात वीज साठते. आपल्याला तो चटका, पण त्या काळच्या चिपला तो मरणाचा झटका. मी पाण्याने भरलेल्या बादल्या आणि ओली गोणपाटं कारखान्यात ठेवून बघितली, त्या दिवशी मेलेली घड्याळं एकदम कमी झाली. ग्रोवरसाहेबांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी मान्य केलं, तेवढा माणूस सरळ होता. सुती कोट शिवून आले. बायकांच्या मनगटाला एक तार बांधून ती जमिनीत सोडली, म्हणजे अंगातली वीज निघून जाईल.

"आणि त्या दोघी?" मी विचारलं.

"कौन दोनों?"

"ज्यांना काढलंत त्या. त्यांची चूक नव्हती ना."

"अरे मैडम, अब नई आ गई हैं, सीख भी गई हैं. छोड़िए."

सोडलं नाही. मी चार वेळा विचारलं, लेखी विचारलं, मग मला कडक शब्दांत सांगण्यात आलं की आपलं टेबल बघा. त्या दोघी परत आल्या नाहीत. माझ्या नोकरीतली ही पहिली शिकवण. काही बिघडलं की खुर्चीत बसलेला माणूस आधी बाईकडे बोट दाखवतो. बाई निर्दोष निघाली तरी बोट परत घेत नाही.

तो कारखाना पुढे बंद पडला. बाहेरच्या देशांतून तयार घड्याळं एवढी स्वस्त यायला लागली की जुन्या दिल्लीच्या घाऊक बाजारात ती किलोवर विकली जायची, शेंगदाण्यासारखी. ज्या वस्तूची आम्ही एवढी पूजा केली ती तराजूत पडलेली मी डोळ्यांनी बघितली. मग मी करोलबागेतल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

तिथली एक गंमत सांगते, म्हणजे संपादकांचा अगदीच विरस नको.

लाजपतनगरचे एक पंडितजी होते. जावयाने दिलेलं डिजिटल घड्याळ मोठ्या अभिमानाने वापरायचे. एकदा ते काउंटरवर आले, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "बेटी, ये घड़ी मेरे साथ छल कर रही है. पाँच बजते हैं, फिर पाँच ही बजते हैं, फिर सीधे सात."

डिजिटल आकडा सात तुकड्यांचा बनलेला असतो. सातही पेटले की आठ. झेब्रा पट्टीवर धूळ बसली की एखादा तुकडा उमटत नाही. खालचा डावा तुकडा गेला की सहाचा पाच दिसतो आणि आठचा नऊ. मी पट्टी काढली, स्पिरिटने पुसली, परत बसवली. सहा वाजले. पंडितजींनी घड्याळ घेतलं, पण हलेनात.

"कल एक विवाह करवाया मैंने. मुहूर्त पाँच पचास का था." थोडं थांबून म्हणाले, "छह पचास पर हो गया."

"मुलीकडच्यांना सांगितलंत?"

"तुमने किसी को बताया तो देख लेना."

पुढे कितीतरी वर्षं ते सेल बदलायला यायचे आणि न विचारता सांगायचे, "वो जोड़ा बहुत सुखी है. दो बच्चे हैं."

हे मी गंमत म्हणून सांगितलं, पण माझ्या धंद्याचं सारं त्यात आहे. घड्याळ खोटं बोलायचं तेव्हा त्याला कारण असायचं. धूळ, ओल, उतरलेला सेल. उघडायचं, शोधायचं, पुसायचं. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण घड्याळावर चिडलेला असायचा, आणि निम्म्याहून जास्त वेळा मला सांगावं लागायचं की घड्याळ ठीक आहे, तुम्ही वेळ लावताना चुकलात. कुणालाही ते आवडायचं नाही.

मोबाइल आले, घड्याळं मनगटावरून उतरली. मग ती नव्या नावाने परत आली. पावलं मोजणारी, झोप मोजणारी, तुम्ही कुठे आहात ते सांगणारी. आमच्या सेंटरला वरून सूचना आली की ही उघडायची नाहीत, बिघडलं तर टाकून नवं द्यायचं. डिंकाने चिकटवलेली असतात, उघडायची सोयच नसते. मी तेव्हा निवृत्तीला आलेच होते. मला वाटलं, चला, आपला आणि घड्याळाचा संबंध संपला.

माझा मुलगा निखिल गुरुग्राममध्ये एका मोठ्या सोसायटीत राहतो. मी नोएडात एकटी असते. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात निखिल आणि सूनबाई मला आग्रहाने घेऊन जातात, कारण त्यांच्याकडे एसी सगळ्या खोल्यांत आहे.

या वर्षी तिथे गेले तेव्हा सोसायटीत झाडलोट करणाऱ्या बायकांच्या मनगटावर सारखी घड्याळं दिसली. काळी, जाड पट्ट्याची. आमच्या मजल्याची फूलमती पोछा करत होती. कासगंजकडची, चाळिशीतली, किडकिडीत बाई. मी दार उघडून पेपर घेत होते.

"आंटीजी, टाइम क्या हुआ?"

मी वेळ सांगितली आणि तिच्या मनगटाकडे बघितलं. "यह क्या बाँधा है फिर?"

तिने हात पुढे केला. घड्याळाला पडदा होता, पण कोरा. बटण दाबलं तर साफसफाईच्या एजन्सीचं चिन्ह उमटलं आणि विझलं.

"इसमें टाइम नहीं आता. बैटरी खाता है, इसलिए बंद कर दिया. ये तो उनको दिखाने के लिए है."

"उनको मतलब?"

"नीचे, ऑफिस में. हम कहाँ हैं, चल रहे हैं कि बैठे हैं. बैठो तो काँपने लगती है."

मी दारातच उभी राहिले. वेळ न दाखवणारं घड्याळ मी जन्मात बघितलं नव्हतं. बिघडलेली हजारो बघितली, पण मुद्दाम आंधळं केलेलं हे पहिलंच. बाजूला एक लाल बटणही होतं. मी विचारलं तर फूलमती म्हणाली की ते मदत मागायचं होतं, पण बादली उचलताना सारखं दाबलं जायचं, म्हणून तेही बंद केलं. पट्टा तिच्या हाताने निघत नव्हता. किल्ली सुपरवायझरकडे, ड्युटी संपली की तो काढायचा. पट्ट्याखाली घामोळं उठून चामडी लाल झाली होती.

संध्याकाळी मी निखिलवर चिडले. तो सोसायटीच्या कमिटीवर आहे.

"आई, हे आता सगळीकडे आहे," तो म्हणाला. "लोक तक्रार करतात, जिने झाडले नाहीत, कुणी दिसत नाही. आता स्क्रीनवर दिसतं. यात कुणाचं वाईट नाही."

"तुझ्या ऑफिसात तुला बांधतील असं घड्याळ?"

"माझा लॅपटॉप काय करतो मग? यार आई, तू पण ना."

सूनबाईने विषय बदलला. मीही गप्प झाले, कारण पाहुणी होते.

त्यानंतर दहाएक दिवसांनी ते घडलं. जूनचा ऐन उन्हाळा, दुपारची वेळ. फूलमतीला टॉवरच्या गच्चीवर पाठवलं होतं, कबुतरांची घाण खरवडून काढायला. गच्चीवर सावली म्हणून नाही, पाण्याच्या टाक्यांमागे असेल तेवढीच. ती जिन्याच्या दाराशी कोसळली. उष्माघात. खाली ऑफिसात दिनेश नावाचा सुपरवायझर स्क्रीनसमोर होता. फूलमतीचा ठिपका हलेना, म्हणून त्याने घड्याळ थरथरवलं. पुन्हा थरथरवलं. तिच्या मोबाइलवर फोन केला, उचलला नाही. मग त्याने ठिपका लाल केला. लाल म्हणजे कामावर असून काम करत नाही. ऊन कलल्यावर टाकीचा व्हॉल्व्ह बघायला प्लंबर वर गेला, तेव्हा ती सापडली. मनगट अजून थरथरत होतं, असं त्याने मला स्वतः सांगितलं.

ती वाचली. बरेच दिवस सरकारी रुग्णालयात होती. पण मेंदूला जो ताप चढायचा तो चढून गेला होता. चालताना तोल जातो, बोलणं जड झालंय, हातात ग्लास धरला तर पाणी सांडतं. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं की यातलं किती सुधारेल सांगता येत नाही.

सोसायटीत गडबड उडाली. कुणीतरी व्हिडिओ टाकला, पोलिसांची चौकशी झाली. आणि एका संध्याकाळी निखिल माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, तुझी मदत हवी आहे. एजन्सीचं म्हणणं आहे की घड्याळात टेक्निकल फॉल्ट होता, म्हणून अलर्ट बरोबर आला नाही. कमिटीला स्वतंत्र माणसाचं मत हवंय. तू एवढी वर्षं या लाइनमध्ये. तू बघून सांगतेस का?"

त्याच्या आवाजात अजिजी होती. मी म्हटलं, "आण घड्याळ."

फूलमतीच्या हातातलं ते घड्याळ मी त्याच्या जेवणाच्या टेबलावर उघडलं. केस वाळवायच्या मशीनने डिंक मऊ केला आणि पातळ सुरीने मागचं झाकण सोडवलं. आत ओल नाही, गंज नाही, एकही जोड सुटलेला नाही. हालचाल ओळखणारी चिप ठणठणीत. झाकण बसवून ते मी मनगटावर बांधलं, खाली ऑफिसात गेले आणि दिनेशसमोर स्वस्थ बसून राहिले. थोड्या वेळाने त्याच्या स्क्रीनवर मी निष्क्रिय झाले. मनगट थरथरायला लागलं. गच्चीवर जाऊनही बसले, सकाळच्या वेळी. तिथेही ठिपका अचूक उमटला, जिन्याच्या दाराशी.

दिनेश तिशीच्या आतला, चांगल्या घरचा मुलगा. चेहरा उतरलेला होता.

मी त्याला विचारलं, "ठिपका हलत नव्हता तर तू वर का नाही गेलास?"

त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "मैडम, सिस्टम में वाइब्रेट है, कॉल है, रेड मार्क है. जाके देखने का ऑप्शन ही नहीं है. और मैं सीट से उठूँ तो मेरा भी रेड आता है."

त्याने बाही वर केली. त्याच्या मनगटावरही तसंच घड्याळ होतं.

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये बैठक झाली. कमिटीचे सगळे, एजन्सीचा एक मॅनेजर, आणि मी. अध्यक्ष निवृत्त मोठे अधिकारी, अतिशय अदबशीर. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, आल्याचा चहा मागवला. मॅनेजरने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलेलं होतं की उपकरणात तांत्रिक दोष आढळला. खाली माझं नाव, पुढे 'वरिष्ठ घड्याळतज्ज्ञ'. फक्त सही राहिली होती.

"मैंने जाँच की है," मी म्हटलं. "घड़ी बिल्कुल ठीक है."

मॅनेजर हसला. "आंटीजी, ये नई टेक्नोलॉजी है. कभी-कभी इंटरमिटेंट फॉल्ट होता है, बाद में दिखता नहीं."

"होता है. यहाँ नहीं हुआ. घड़ी ने बताया वह कहाँ है. बताया कि हिल नहीं रही. बार-बार बताया. जितना उसका काम था, पूरा किया."

अध्यक्ष खाकरले. "तो फिर गलती सुपरवाइज़र की हुई."

एवढ्या लवकर ते दिनेशवर घसरतील असं मला वाटलं नव्हतं. मी खुर्चीतून उठलेच.

"दिनेश को किसने बताया था कि उठकर जाना है? मदद का बटन किसने बंद करवाया? जून में दोपहर को छत पर अकेली औरत को किसने भेजा? यह सब घड़ी ने नहीं किया, दिनेश ने भी नहीं किया. यह इसी कमरे में तय हुआ है."

"मैडम, आप इमोशनल हो रही हैं," मॅनेजर म्हणाला.

हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा आता त्रास होत नाही. पण त्या दिवशी झाला. मी मराठीतच बोलले, कारण रागात मला हिंदी सुचेना. "भावना कसली आलीय यात? मी मशीनची तपासणी करून सांगतेय. घड्याळ ठीक होतं. तुम्ही ठीक नव्हता." निखिलखेरीज ते कुणाला कळलं नसावं. तो टेबलाकडे बघत होता. मग मी तो टाइप केलेला कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर हिंदीत लिहिलं की घड्याळ तपासलं, दोष नाही, त्याने योग्य सूचना दिली होती. सही केली. पोलिसांना हवी असेल तर पुन्हा लिहून देईन, असंही सांगितलं. चहा तसाच राहिला.

लिफ्टमध्ये निखिल म्हणाला, "आई, 'नक्की सांगता येत नाही' एवढं म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

"नक्की सांगता येत होतं."

"मला इथे राहायचंय. तू निघून जाशील."

"मग आजच जाते," मी म्हटलं. आणि गेले. मेट्रोने नोएडाला, बॅग मांडीवर घेऊन.

जाण्याआधी फूलमतीला भेटून घेतलं. सोसायटीच्या मागच्या वस्तीत त्यांची खोली आहे. ती भिंतीला टेकून बसली होती. मला ओळखलं. शब्द एकेक करत, मध्ये थांबत म्हणाली, "आंटीजी, हमने घड़ी... उतारी नहीं थी. सबको बता देना."

ती मरणाच्या दारातून आली होती आणि तिला काळजी ही. आपल्यावर आळ येईल ही. मी तिचा हात धरला. पट्ट्याच्या जागी चामडी काळी पडली होती. मी म्हटलं, "सबको बता दिया है." तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण अशा गोष्टींचा शेवट गोड झाला असं समजायची आपल्याला सवय असते. पोलिसांनी माझा जबाब घेतला. चौकशी चालू आहे असं सांगतात. दिनेशला काढलं. त्या एजन्सीचा करार संपवला आणि दुसरी आली. तिचीही घड्याळं आहेत, जास्त चांगली, पाण्यात भिजत नाहीत. मदतीचं बटण चालू आहे म्हणे. एक गोष्ट मात्र बायकांनी स्वतः मिळवली. नवी एजन्सी आली त्या सकाळी त्या सगळ्या गेटबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, घड्याळ बांधू, पण गच्चीवर एकटी कुणी जाणार नाही, दोघी जातील, आणि दुपारी कुणीच नाही. कमिटीने आधी नकार दिला. दुपारपर्यंत सोसायटीचा कचरा दारादारांत तसाच राहिला, मग होकार आला. ही बातमी मला प्लंबरने फोनवर सांगितली.

माझा राग त्याने उतरलेला नाही. कारखान्यात दोष बाईवर ढकलला जायचा, कारण मशीन महाग होती. आता मशीनवर ढकलायला बघतात, कारण मशीन कोर्टात उभी राहत नाही. खुर्ची तेव्हाही सुटत होती, आताही सुटते. मी सगळा जन्म घड्याळं दुरुस्त केली. त्यातलं एकही एवढं बेशरम नव्हतं.

निखिल त्यानंतर फोन करायचा, पण तब्येतीपुरता. दसऱ्याच्या सुमारास तो एकटाच घरी आला, हातात एक छोटा चौकोनी डबा. टेबलावर ठेवून म्हणाला, "आई, चिडू नकोस. आधी ऐक. हे चांगल्यातलं आहे. वेळ दाखवतं, मोठ्या आकड्यांत. तू इथे एकटी असतेस. बाथरूममध्ये वगैरे पडलीस तर याला आपोआप कळतं, आणि लगेच माझ्या फोनवर मेसेज येतो."

मी डबा उघडला. सुरेख होतं. पट्टा मऊ, पडदा लखलखीत. असलं घड्याळ माझ्या तरुणपणी कुणी दाखवलं असतं तर मी त्याला हात जोडले असते.

"मेसेज येईल," मी म्हटलं. "मग तू येशील?"

मी टोचून बोलले नव्हते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने लगेच उत्तर दिलं नाही. ते मला आवडलं, लगेच 'बिल्कुल' म्हणाला असता तर विश्वास बसला नसता. त्याने चष्मा काढला, डोळे चोळले, बराच वेळ खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत राहिला.

मग म्हणाला, "आई, फूलमती आता कुठे असते?"

जूनपासून त्याने हे नाव पहिल्यांदा घेतलं होतं. मी गॅसवरचं दूध बंद केलं, त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगायला बसले.